'हो, कळलं' एवढ्यावर काम सोपवू नका

आलेला प्रश्न थोडक्यात असा: "मी नऊ जणांच्या टीमचा प्रमुख आहे. काम नीट समजावून सांगतो, सगळे 'हो, कळलं' म्हणतात आणि आठवड्याने हातात पडतं ते भलतंच. संवादकौशल्याची दोन दिवसांची कार्यशाळा केली. बोलण्यात सफाई आली, पण कामात फरक पडला नाही. टीममधला एक जण तर मीटिंगमध्ये तोंडच उघडत नाही. माझ्या बोलण्यात चुकतंय की ऐकण्यात?"

तुमची चूक बोलणं संपल्यानंतरच्या दोन-तीन सेकंदांत होते आहे. तुम्ही विचारता 'कळलं का?', ते म्हणतात 'हो', आणि तुम्ही तो 'हो' पदरात पाडून पुढच्या विषयाला जाता. वरिष्ठाने 'कळलं का?' असं विचारल्यावर 'हो' म्हणणं ही निव्वळ रीत आहे. त्यातून काय कळलं याचा पत्ता लागत नाही. समोरचा खोटं बोलतोय असंही नाही. त्या क्षणी त्याला मनापासून वाटत असतं की कळलंय. आपल्याला काय कळलेलं नाही ते काम हातात घेतल्यावरच दिसतं, आणि तोवर तुम्ही दुसऱ्या मीटिंगमध्ये असता.

मी वीसहून जास्त वर्षं प्रोसेस प्लांटमध्ये काढली. आधी कंट्रोल रूमचा ऑपरेटर होतो, मग शिफ्ट इनचार्ज झालो. आता शिफ्ट बदलताना काम कसं हवाली करायचं हे शिकवतो. उदाहरणं तिथलीच देतो, कारण तिथे गैरसमजाचं बिल त्याच दिवशी फाटतं. ऑफिसात ते महिन्याभराने फाटतं, म्हणून त्याचं मूळ सापडत नाही.

एकदा रात्रपाळीत दोन नंबरच्या गरम तेलाच्या पंपाच्या सीलमधून थेंब पडताना दिसले. मी तो पंप बंद केला आणि एक नंबर चालू केला. सकाळी सहाला चार्ज देताना दोन महिन्यांपूर्वी लागलेल्या मुलाला म्हणालो, "दोन नंबरचा पंप जरा बघून घे." तो म्हणाला, "हो सर, बघतो." लॉगबुकात मी लिहिलं होतं: 'पंप २, सील गळती, लक्ष ठेवणे.' माझ्या मनात होतं की मेंटेनन्सने सील उघडेपर्यंत त्याला हात लावायचा नाही. मुलगा शहाणा होता, लगेच जाऊन पंप बघून आला. बंद पंप कशाला गळेल? नऊच्या सुमारास प्रेशर कमी पडू लागलं तेव्हा त्याने दोन नंबर चालू केला. वीस मिनिटांत सील गेलं आणि गरम तेल जमिनीवर पसरलं. जवळ कोणी नव्हतं म्हणून निभावलं. युनिट दीड दिवस बंद राहिलं.

मला झोपेतून उठवून बोलावलं. पोचल्यावर पहिलं वाक्य मी तेच उच्चारलं, जे तुम्हीही कधी ना कधी उच्चारलं असेल: "तुला सांगितलं होतं ना?" तो शांतपणे म्हणाला, "सर, तुम्ही बघायला सांगितलंत. मी बघितला. गळत नव्हता."

तो शब्दशः बरोबर होता. 'बघून घे' म्हणजे नजर टाक, लक्ष ठेव, दुरुस्त करून घे किंवा तुझ्या पद्धतीने निपटून टाक. त्याच्या 'बघतो'चेही तितकेच अर्थ निघतात, त्यात 'करतो' आहे आणि 'सध्या जमणार नाही'ही आहे. तुमच्या टीममध्ये दिवसभर काय बोललं जातं ते एकदा कान देऊन ऐका. 'तेवढं करून टाक', 'जरा फॉलोअप घे', 'लवकरात लवकर दे', 'एकदा नजर फिरव आणि फायनल करून पाठव'. बोलणाऱ्यापुरतं यातलं प्रत्येक वाक्य लख्ख असतं.

ते आपल्यापुरतंच लख्ख का वाटतं, हे १९९० साली स्टॅनफर्ड विद्यापीठात एलिझाबेथ न्यूटन यांनी फार सुंदर दाखवलं. एकाने ओळखीच्या गाण्याचा ठेका बोटांनी टेबलावर वाजवायचा आणि दुसऱ्याने गाणं ओळखायचं, एवढाच प्रयोग. वाजवणाऱ्यांचा अंदाज होता की निम्मी गाणी ओळखली जातील. १२० पैकी ओळखली गेली ३. वाजवणाऱ्याच्या डोक्यात सूर, शब्द, वाद्यं असं अख्खं गाणं चालू असतं आणि ऐकणाऱ्याला मिळते नुसती टकटक. मी 'बघून घे' म्हणालो तेव्हा माझ्या डोक्यात रात्रभराची शिफ्ट होती. त्या मुलाकडे दोन शब्द पोचले.

जाता जाता कार्यशाळेबद्दल. संवादात शब्दांचा वाटा फक्त ७ टक्के, बाकीचा आवाजाचा आणि देहबोलीचा, हा आकडा तुम्हाला तिथे बहुधा दाखवला असेल. तो अल्बर्ट मेहराबियन यांच्या १९६७च्या प्रयोगांतून उचलला आहे. ते प्रयोग होते भावना आणि आवडनिवड कशी पोचते याबद्दल, विशेषतः शब्द एक सांगतायत आणि सूर दुसरं सांगतोय अशा वेळी. काम समजावून सांगण्याशी त्यांचा संबंध नाही, हे खुद्द मेहराबियन यांनीच स्पष्ट केलं आहे. कुठला व्हॉल्व्ह बंद करायचा हे देहबोलीतून कोणाला सांगून बघा. शब्दच लागतात, आणि ते पोचले की नाही हे तपासावं लागतं.

हे तपासायचं कसं? 'परत सांग बघू' म्हणालात तर मोठी माणसं दुखावतात, आणि ते योग्यच आहे. मी बरीच वर्षं वाक्यं बदलत गेलो आणि शेवटी या वाक्यावर स्थिरावलो: "मी एका दमात बरंच बोललो. माझ्याकडून काही राहिलं का ते मला तपासायचंय. आता जागेवर गेल्यावर तू आधी काय हातात घेशील?" परीक्षा माझ्या सांगण्याची आहे हे आधी म्हणायचं, आणि तसंच मानायचंही. आणि सारांश मागायचा नाही. सारांश मागितला की माणसं आपलेच शब्द आपल्याला परत देतात. तो मुलगाही 'दोन नंबरचा पंप बघायचा' असा सारांश बिनचूक देऊ शकला असता. मी त्याला 'आधी काय करशील?' विचारलं असतं तर तो म्हणाला असता, "जाऊन बघतो गळतोय का," आणि माझी चूक तिथेच उघडी पडली असती.

त्यानंतर दुसरा प्रश्न: "काय दिसलं तर थांबून मला फोन करशील?" माझ्या मते हा पहिल्यापेक्षाही मोलाचा आहे, कारण सूचना नेहमी ठरल्याप्रमाणे घडेल असं धरून दिलेली असते आणि घोटाळा होतो तो ठरल्याप्रमाणे न घडल्यावर. समजा, तुम्ही कोणाला ग्राहकासाठी अहवाल करायला सांगितला. 'मागच्या तिमाहीचे आकडे जुळले नाहीत तर काय करशील?' असं विचारा. एक म्हणेल जवळचा आकडा धरीन, दुसरा म्हणेल ती ओळ वगळीन, तिसरा म्हणेल तुम्हाला विचारीन. तिघांनीही आधी 'हो, कळलं' म्हटलेलं असतं. अर्ध्या मिनिटाच्या या प्रश्नाने आठवडा वाचतो, हे मी खात्रीने सांगतो.

विमान वाहतुकीत सांगितलेलं पोचलं का हे तपासण्याची सवय फार मोठी किंमत मोजून अंगवळणी पडली. २७ मार्च १९७७ रोजी स्पेनच्या टेनेरिफ बेटावर दाट धुक्यात केएलएम आणि पॅन ॲम या विमान कंपन्यांची दोन बोइंग ७४७ विमानं धावपट्टीवर एकमेकांवर आदळली. ५८३ माणसं गेली. केएलएमच्या सहवैमानिकाने रेडिओवर जे सांगितलं त्याचा कंट्रोल टॉवरने अर्थ घेतला की विमान उड्डाणाच्या जागी उभं आहे. प्रत्यक्षात ते धावू लागलं होतं. टॉवरचं 'थांबा' आणि पॅन ॲमचं 'आम्ही अजून धावपट्टीवर आहोत' ही दोन्ही वाक्यं एकाच वेळी आली आणि केएलएमच्या कॉकपिटमध्ये नुसती शिट्टी ऐकू आली. तरीही फ्लाइट इंजिनिअरला शंका आली. त्याने विचारलं, पॅन ॲमचं विमान बाजूला झालेलं नाही का? कॅप्टनने ठासून सांगितलं, झालंय. तिथे विषय संपला.

वर्गात हा प्रसंग मी दर वेळी सांगतो आणि दर वेळी त्या इंजिनिअरपाशी थांबतो. त्याची शंका बरोबर होती. पण शंका त्याने अशा प्रश्नात घातली की वरिष्ठाच्या एका शब्दाने ती मिटावी. या अपघातानंतर 'टेकऑफ' हा शब्द उड्डाणाची परवानगी देताना किंवा रद्द करतानाच वापरायचा, असं ठरलं. सूचना मिळाल्यावर नुसतं 'ओके' चालत नाही, तिचा महत्त्वाचा भाग पुन्हा म्हणून दाखवावा लागतो. आणि कॉकपिटमधल्या कनिष्ठाने शंका कशी लावून धरायची, कॅप्टनने ती कशी ऐकायची, याचं रीतसर प्रशिक्षण पुढच्या काही वर्षांत सुरू झालं.

आता तुमच्या ऐकण्याबद्दल. इथे स्वतःला दोष देण्याआधी एक गोष्ट लक्षात घ्या. २००९ साली दहा वेगवेगळ्या भाषांतल्या संभाषणांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. एकाचं बोलणं संपून दुसऱ्याचं सुरू होईपर्यंतचा वेळ सरासरी सेकंदाच्या पाचव्या हिश्शाच्या आसपास निघाला. पण डोळ्यांसमोरच्या चित्राचं नाव तोंडातून काढायलाच माणसाला अर्ध्या सेकंदाहून जास्त वेळ लागतो. म्हणजे समोरचा बोलत असतानाच आपण उत्तर जुळवत असतो. प्रत्येक जण जुळवतो, तो बोलण्याच्या यंत्रणेचाच भाग आहे. गप्पांमध्ये त्याने काही बिघडत नाही. कामात बिघडतं, कारण लोक महत्त्वाचं वाक्य बहुधा शेवटी बोलतात. "सगळं ठीक आहे, वेळेत होईल... फक्त ते टेस्टिंगचं जरा." या 'फक्त'पर्यंत पोचायच्या आत तुम्ही 'छान, चला पुढे' म्हणालेले असता.

यावर मला एकच उपाय लागू पडला: समोरच्याचं वाक्य संपलं की एक पूर्ण श्वास बाहेर सोडायचा, मगच बोलायचं. अमेरिकेत मेरी बड रो यांनी १९७०च्या दशकात शाळेच्या वर्गांत हेच मोजलं होतं. प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एखादा सेकंदच थांबत. ते तीन सेकंद थांबू लागले तेव्हा मुलांची उत्तरं लांबली, न विचारता बोलणारी मुलं वाढली आणि गप्प बसून राहणं कमी झालं. मोठ्यांच्या मीटिंगमध्येही मी हेच पाहिलं आहे. पहिले काही दिवस ती शांतता अंगावर येते. तुम्हाला वाटेल लोक चुळबुळ करतायत, वेळ जातोय. थांबा. तिसऱ्या सेकंदाला कोणीतरी म्हणतं, "तसं एक सांगायचं होतं."

तसं सांगितल्यावर तुमच्या चेहऱ्यावर काय उमटतं, यावर पुढचं वर्षभर काय कानावर येणार ते ठरतं. एमी एडमंडसन यांनी १९९०च्या दशकात रुग्णालयांतल्या औषधांच्या चुका अभ्यासल्या. अपेक्षा होती की चांगल्या टीममध्ये चुका कमी असतील. आकडे उलटे आले, चांगल्या टीममध्ये चुका जास्त नोंदलेल्या होत्या. खोलात गेल्यावर दिसलं की तिथे लोक चुका बोलून दाखवत होते आणि बाकीच्या ठिकाणी दडवत होते. म्हणून तुमच्या टीममधून महिनाभर एकही वाईट बातमी आली नाही, तर खूश होऊ नका. आणि ती येईल तेव्हा पहिलं वाक्य पाठ करून ठेवा, ऐनवेळी सुचणार नाही. माझं असं आहे: "बरं झालं आत्ता सांगितलंस. आता काय काय करता येईल?" 'हे झालंच कसं?' हा प्रश्न रास्त आहे, पण तो दुसऱ्या दिवशी विचारा. त्या पंपाच्या सकाळी मी पहिल्या मिनिटालाच 'तुला सांगितलं होतं ना?' म्हणून तीच चूक केली. त्यानंतर तो मुलगा कित्येक आठवडे मला फक्त विचारलेल्या प्रश्नाचंच उत्तर देत होता, एक शब्द जास्त नाही. ते सुधारायला मला फार वेळ लागला, आणि याचं मला आजही वाईट वाटतं.

तुम्ही प्रश्नात विचार करण्याच्या सवयीबद्दल काही म्हटलेलं नाही, पण मला मूळ तिथेच दिसतं. पीटर वेसन यांचा १९६०चा प्रयोग करून बघा, टीमबरोबर पाच मिनिटांत होतो. सांगायचं की २, ४, ६ हे तीन आकडे एका नियमात बसतात. तुम्ही दुसरे तीन आकडे सुचवा, मी बसतात की नाही ते सांगेन, आणि खात्री झाली की नियम सांगा. लोक ८, १०, १२ म्हणतात, बसतं. २०, २२, २४ म्हणतात, बसतं. मग 'दोनदोनने वाढणारे आकडे' असं आत्मविश्वासाने सांगतात आणि चुकतात. नियम एवढाच असतो की आकडे चढत्या क्रमाने हवेत. १, २, ५० हेही बसलं असतं, पण आपला अंदाज मोडेल असे आकडे फारच थोडे जण सुचवतात.

'कळलं का?', 'वेळेत होईल ना?', 'काही अडचण नाही ना?' हे प्रश्न त्याच जातीचे आहेत. आपला अंदाज खरा ठरवणारं उत्तर मागायला ते घडवलेले असतात. त्यांच्या जागी ज्यांना 'हो' किंवा 'नाही' म्हणून सुटता येणार नाही असे प्रश्न आणा. 'काही अडचण नाही ना?' ऐवजी 'सगळ्यात आधी कुठे अडकेल?' मोठं काम सुरू करताना गॅरी क्लाइन यांनी २००७ साली मांडलेली प्रीमॉर्टेमची पद्धत मी हटकून वापरतो. सगळ्यांना सांगायचं: समजा सहा महिने उलटलेत आणि हे काम सपशेल फसलंय, आता दोन मिनिटं न बोलता कागदावर लिहा की ते कशामुळे फसलं. एरवी 'सगळं ठीक' म्हणणारी माणसं चार-चार कारणं लिहितात. कारण आता शंका काढणं हे नाट लावणं उरलेलं नसतं, तेच काम दिलेलं असतं.

लेखी निरोपांबद्दल जास्त सांगत नाही. कोणी, काय, कधीपर्यंत हे पहिल्या दोन ओळींत असावं, आणि एका निरोपात एकच निर्णय मागावा. फक्त 'मेल टाकला होता' याला 'पोचलं' समजू नका. ६ जुलै १९८८ला उत्तर समुद्रातल्या पायपर अल्फा या तेल-वायूच्या प्लॅटफॉर्मवर एका पंपाचा सेफ्टी व्हॉल्व्ह दुरुस्तीसाठी काढलेला होता. तशा परवानगीचा कागद होता आणि तो कंट्रोल रूममध्ये ठेवलाही होता. पण रात्रपाळीला तोंडी कोणी सांगितलं नाही. दुसरा पंप बंद पडल्यावर त्यांनी हाच चालू केला, वायू गळला आणि स्फोट झाला. १६७ जण गेले. माझ्या लॉगबुकातही 'लक्ष ठेवणे' लिहिलेलं होतंच. तेव्हापासून मी चार्ज देताना दोघांनी त्या यंत्रापाशी जाऊन उभं राहायचं, असा नियम केला. तुमच्याकडे यंत्र नसेल, पण फाइल असेल. ती दोघांसमोर उघडा आणि बोट ठेवून बोला.

राहता राहिला तुमचा न बोलणारा माणूस. त्याला 'तू बोलत नाहीस' असं सगळ्यांसमोर कधीही म्हणू नका. आधी हे बघा की मीटिंगमध्ये तुम्ही तुमचं मत कधी सांगता. ते सुरुवातीला सांगत असाल, तर बाकीचे आठ जण त्याच दिशेने बोलतात आणि त्याला एकट्याला उलट जावं लागतं. सोलोमन ॲश यांच्या १९५०च्या दशकातल्या प्रयोगात सगळी खोली मुद्दाम चुकीचं उत्तर देत असे, आणि ते कानांवर पडल्यावर कितीतरी जण डोळ्यांना स्पष्ट दिसणारं सोडून तेच उत्तर देत. पण खोलीत एक जरी जण खरं बोलला, तरी अशा चुका साधारण चौथ्या हिश्शावर येत. त्याला शूर व्हायला सांगू नका, असा एक सोबती मिळवून द्या. सुरुवातीला तो तुम्हीच व्हा: "मला या आराखड्यात एक गोष्ट पटत नाहीये," असं स्वतःच्याच आराखड्याबद्दल म्हणा, आणि ती खरंच न पटणारी असू द्या.

शिवाय काही माणसांना बोलायच्या आधी विचार जुळवायला वेळ लागतो, आणि तो वेळ त्यांना मिळतच नाही. मीटिंगच्या आदल्या दिवशी त्याला एकच नेमका प्रश्न पाठवा, 'उद्या मी तुला हे विचारणार आहे' असं सांगून. मीटिंगमध्ये त्याला पहिला बोलवू नका, दडपण येतं. शेवटीही नको, तोवर सगळं ठरून गेलेलं असतं. दुसरा किंवा तिसरा बोलवा. तो थांबला तर तुम्हीही थांबा, त्याचं वाक्य पुरं करून देऊ नका. तो जे म्हणेल त्यातला निदान एक शब्द सगळ्यांना दिसेल असा फळ्यावर लिहा, त्याच्याच शब्दांत.